डॉनेगनचे केस

हिरव्या कापडाचे गठ्ठे सोमवारी सकाळीच मैदानाच्या कुंपणाशी येऊन पडले. दोन माणसं टेम्पोतून उतरली, त्यांनी गठ्ठे खाली ढकलले आणि झाडाखाली बसून सॉसेज रोल खायला लागली. कोचचा निरोप आल्यावर कापड कुंपणावर ताणून बांधायचं. मग बाहेरून आतलं काही म्हणजे काही दिसणार नव्हतं. निरोप सराव संपेपर्यंत येईल, तोवर बसून राहा, असं त्यांना सांगितलं होतं, आणि बसून राहण्यात त्यांना काही अडचण दिसत नव्हती.

केर्नफर्डचे फुटबॉलचे सामने बघायला काय, सगळं गाव लोटतं. पण जानेवारीच्या भर उन्हाळ्यात, मोसम सुरू व्हायला दोन महिने असताना, पोरं नुसती शंकूंभोवती वळून वळून पळत असताना, डोक्यावर ऊन आणि नाकावर माश्या घेऊन ते बघत उभे राहणारे लोक वेगळेच. आमच्याकडे त्यांना कुंपणवाले म्हणतात. यात कौतुक किती आणि कीव किती, ते म्हणणाऱ्यावर आहे. पेंगेली घराणं चार पिढ्या कुंपणवालं. गुणफलकाकडून तिसरा खांब त्यांचा. तिथे दुसऱ्या कुणी खुर्ची मांडलीच, तर मर्व पेंगेली त्याच्या शेजारी जाऊन इतका गोड बोलत बसायचा की माणूस आपण होऊन खुर्ची उचलायचा.

आणि कुंपणवाल्यांवर हे हिरवं संकट आलं होतं, तेही मर्वमुळेच.

गेल्या चार उन्हाळ्यांपासून क्लबच्या चाहत्यांच्या वेबसाइटवर कुणीतरी 'कुंपणावरचा म्हातारा' या नावाने सरावाचा वृत्तांत लिहीत होता. कोण दमला, कोण सुटला, कोणाचा पाय लचकला. हजारो माणसं सकाळच्या चहाबरोबर ते वाचायची. हा म्हातारा म्हणजे मर्व, हे घरातलं गुपित होतं. म्हणजे घरात आणि कुंपणावर सगळ्यांना माहीत होतं. फक्त नात टालियाला कुणी सांगितलं नव्हतं. आधी ती शिकायला बॅलरॅटला होती म्हणून, आणि नोव्हेंबरपासून ती क्लबच्याच प्रसिद्धी विभागात नोकरीला लागली म्हणून.

गुरुवारी म्हाताऱ्याने लिहिलं: 'कॅप्टन डॉनेगन आज इतरांबरोबर पळाला नाही. डाव्या गुडघ्याला पट्टी बांधून फिजिओबरोबर कडेकडेने चालत होता. केसही वाढलेत. माणसाचं मन थाऱ्यावर नसलं की असंच होतं.' शुक्रवारी ते रेडिओवर गेलं. शनिवारी कॅप्टनच्या आईने क्लबला रडत फोन केला. रविवारी कोच हॅसलॉपने कापड मागवलं. कॅप्टनचा गुडघा ठणठणीत होता.

*

"तू गप्प बस. एवढंच काम आहे तुला," मर्वची मुलगी लिआन, म्हणजे टालियाची आई, भावाला म्हणाली. ती गाडीच्या मागे उभी राहून बर्फाच्या पेटीतून सँडविच काढत होती. नाताळात कोळंबीवरून जे झालं त्यानंतर ती आणि ग्लेन पहिल्यांदाच समोरासमोर बोलत होते, आणि ते सँडविचवर भागवायचं दोघांनी न बोलता ठरवलं होतं.

"गप्प कसा बसू? बाबांनी चूक केलीय, बाबांनी सांगावं. आज सांगावं, आणि हे लिहिणंबिहिणं बंद करावं," ग्लेन म्हणाला. "आणि शुक्रवारी माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे यावं. मी वेळ घेऊन ठेवलीय."

"तुझं एक डोळ्यांचंच."

"काल त्यांनी केचपच्या बाटलीला 'ये, बस' म्हटलं."

"ती गंमत होती."

"मलाही आधी तसंच वाटलं. मग त्यांनी बाटलीला विचारलं, चहा घेणार का."

लिआनने सँडविचचा डबा त्याच्या हातात कोंबला. "हे बघ, टालियाला वरून सांगितलंय, आज सराव संपायच्या आत तो म्हातारा शोधून आण. शुक्रवारी तिची नोकरी पक्की व्हायचीय. आता तिला कळलं की तो म्हातारा तिचाच आजोबा, तर ती काय करणार? सांगितलं तर आजोबा गेला, नाही सांगितलं तर नोकरी गेली. त्यापेक्षा तिला कळूच नये. म्हातारा सापडला नाही, विषय संपला."

"आणि कापड?"

"कापड बांधू देत. बाबांचं वय एक्याऐंशी आहे. घरात पंखा आहे."

ग्लेनने तिच्याकडे असं पाहिलं की पंख्याचं तिला स्वतःलाच लागलं. त्या तिसऱ्या खांबाशिवाय बाबांचा उन्हाळा म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी ती त्याच खांबाला डोकं टेकून झोपायची.

*

मर्व खुर्चीत बसला होता, मान जराशी तिरकी करून. समोर बघायचं असलं की तो हल्ली किंचित बाजूला बघायचा. नजरेच्या मधोमध धुरकट डाग पडलेला, कडा मात्र अजून शाबूत. माणसाचा चेहरा हवा असेल तर त्याच्या कानाकडे बघावं लागायचं, आणि तेव्हाही चेहरा मिळायचा नाही, टोपी मिळायची.

शेजारी त्याची बायको वाल्डा शब्दकोड्यात डोकं घालून बसली होती. पन्नास वर्षं ती या खांबाशी येत होती आणि पन्नास वर्षं सांगत होती की फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही, ती आपली चहासाठी येते. सगळ्यांनी हे मान्य केलेलं होतं.

"सगळे माझ्याकडे बघतायत का गं?" मर्वने हळूच विचारलं.

"कुणी बघत नाहीये. उन्हाकडे बघतायत."

"मी बघितलं ते बघितलं, वाल्डा. मोजा खाली होता. डावा."

हे कुंपणावर सगळ्यांना ठाऊक होतं. रीस डॉनेगन अकरा वर्षं डावा मोजा घोट्यापर्यंत खाली ठेवून खेळतो. सरावात पाठीवर नंबर नसतात, ऊन डोळ्यांवर असतं. मग कुंपणवाले चालीवरून, खांद्यांवरून, मोज्यांवरून माणूस ओळखतात. मोजा चुकला असं आजवर झालं नव्हतं.

"मग तो आज पळतोय कसा?" वाल्डा म्हणाली. एवढं बोलून तिने कोड्यात एक शब्द भरला. तो चुकीचा होता. गुरुवारी ती इथे नव्हती, दाढ काढायला गेली होती. मर्व शेजारच्या रॉनच्या गाडीतून आला होता. ती दाढ आणखी आठवडाभर दुखली असती तर काही बिघडलं नसतं, असं ती चार दिवस मनाशी घोकत होती.

*

टालियाने सकाळपासून अख्खं कुंपण पालथं घातलं होतं. गळ्यात क्लबचं ओळखपत्र, नाकावर पांढरं मलम, आणि मनात धास्ती.

"कुंपणावरचा म्हातारा?" पहिल्या खांबाशी बसलेल्या बाई म्हणाल्या. "गेला गं तो. हृदयविकार. चांगला होता बिचारा."

"कधी गेला?"

"झाले की बरेच दिवस."

"गुरुवारी त्याने लिहिलंय."

"मग त्यानंतर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेला केक, दिला.

रॉनने सांगितलं की म्हातारा यकृताने गेला. गुणफलकाखालच्या जुळ्या भावांपैकी एक म्हणाला, तो बोटीवरून पडला. दुसरा म्हणाला, तो मुळात बाईमाणूस होता आणि क्वीन्सलंडला लग्न करून गेला. टालिया परत आली तेव्हा तिच्याकडे चार मृत्यू... तीन मृत्यू आणि एक लग्न, आणि दोन लॅमिंग्टन एवढाच ऐवज होता.

ती आजीच्या खुर्चीशी गवतावर बसली. "सगळे खोटं बोलतायत, आजी. आणि वाईट बोलतायत, नीट जमतही नाही कुणाला. कोचनी मला स्पष्ट सांगितलंय, म्हातारा मिळाला तर कापड परत जाईल. तोंडावर सांगू दे, चुकलो म्हणून, एवढंच हवंय त्यांना. नाही मिळाला तर कापड वर, आणि माझं काय ते शुक्रवारी कळेल."

"पाणी पी," आजी म्हणाली.

आजोबा मैदानाच्या जरा डावीकडे बघत होते.

टालिया पाणी प्यायली. तिने रात्री बसून म्हाताऱ्याचे चार उन्हाळ्यांचे सगळे वृत्तांत वाचून काढले होते. गुरुवार सोडला तर एकही चूक नव्हती. आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, त्यावर तर लोक जीव टाकत होते, खाली हसण्याची रांग लागायची: 'कॅप्टनने पुन्हा केस कापलेत.' दोन वर्षं तोच विनोद, आणि दर वेळी चेहरा सरळ ठेवून केलेला. काय बेरकी माणूस असेल, असं तिला वाटलं होतं. मनातून तो तिला आवडायलाच लागला होता.

"आडवे सहा," वाल्डा कोड्याकडे बघत पुटपुटली. "नदीकाठचं झाड. तो मॅकॅस्किल जाडजूडच झालाय गं बाई नाताळात, त्या लांबच्या गोलपाशी बघ कसा डुलतोय. उभे नऊ. आणि आपल्या समोरून पळत गेला तो डॉनेगन ना? त्याने पुन्हा केस कापले वाटतं."

"हं, बघितलं," मर्व म्हणाला. "मागे जरा जास्तच बारीक केलेत."

टालियाने बाटली खाली ठेवली.

तिने मैदानाकडे पाहिलं. रीस डॉनेगन वळसा घालून पुन्हा कुंपणासमोरून चालला होता, तांबड्या-राखाडी बनियनमध्ये, डावा मोजा खाली. त्याचं डोकं उन्हात लखलखत होतं. त्यावर केस नव्हते. मागेही नव्हते आणि पुढेही नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्याने उरलेसुरले काढून टाकले, तेव्हापासून एकही नव्हता.

मग तिने आजोबांकडे पाहिलं. ते अत्यंत समाधानाने मान डोलावत होते, आणि बघत होते टेम्पोकडे.

तो विनोद नव्हता. चार हजार लोक दोन वर्षं एका बातमीवर हसत होते. आणि ती बातमी आजीने दिलेली होती, कोड्याच्या आडून. कोण कुठे आहे ते तिला आजोबांना सांगायचं होतं, पण सांगतेय असं दिसायला नको होतं. फुटबॉलबद्दल बोलली असती तर त्यांना तिथल्या तिथे संशय आला असता. म्हणून पोटं, बूट, गोंदणं, आणि डॉनेगनचे केस.

टालियाला हसू आलं, आणि मलम पुसायच्या निमित्ताने डोळे पुसत ती तिथून उठली.

*

"तुला माहीत होतं?" ती आईला म्हणाली. गाडीच्या मागे आता तिघं होते, आणि सँडविचचा डबा कुणीच उघडत नव्हतं.

"तो म्हातारा म्हणजे बाबा, हे माहीत होतं," लिआन म्हणाली. "डोळ्यांचं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं."

"मला होतं," ग्लेन म्हणाला. "पण इतकं नव्हतं." तो खाली बघत होता. इतके दिवस तो डोळे, डोळे करत होता, कारण डोळे म्हणजे डॉक्टर, डॉक्टर म्हणजे वेळ घेणं, आणि वेळ घेणं त्याला जमतं. आई रोज त्या खुर्चीत बसून बाबांना अख्खं मैदान वाचून दाखवत होती, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. "टालिया, तू काही बोलू नकोस. कोचना सांग, नाही मिळाला."

"आत्ता तर म्हणत होतास, सांगावं म्हणून," लिआन म्हणाली.

"आत्ता वेगळं होतं. आता ते सगळ्यांसमोर उभे राहून काय सांगणार? की मला दिसत नाही? एवढ्या कुंपणासमोर? पुन्हा इथे तोंड दाखवणार नाहीत ते."

"आणि नाही सांगितलं तर कापड. म्हणजे पुन्हा इथे येणारच नाहीत. सांगू देत त्यांना."

"लिआन, तुलाच तर पंखा हवा होता."

"मी चुकले. तू नाही का चुकत? कोळंबी कुणी उन्हात ठेवली होती?"

अशा रीतीने दोघांनी बाजू पूर्ण बदलल्या आणि भांडण होतं तिथेच राहिलं. पेंगेली भावंडांना मत कुठलंही चालतं, फक्त समोरच्याचं नको.

"मी सांगेन, नाही मिळाला," टालिया म्हणाली. "माझं मी बघते." तिचा आवाज बारीक झाला होता. तिला ही नोकरी हवी होती, मनापासून हवी होती, आणि तिला आत्ताच ती हातातून जाताना दिसत होती.

*

सराव संपला. पोरं बर्फाच्या टाक्यांकडे गेली आणि कोच हॅसलॉप कमरेवर हात ठेवून सरळ कुंपणाकडे आला. झाडाखालची माणसं उठून उभी राहिली. एकाने गठ्ठ्याची दोरी सोडली. मृत म्हाताऱ्याचे नातेवाईक असावेत तसे सगळे कुंपणवाले खाली बघत होते.

"मिळाला?" कोचने टालियाला विचारलं.

"नाही," टालिया म्हणाली. "सगळ्यांना विचारलं. मला वाटतं तो... इथला नाहीच."

ती मर्वपासून दोन हातांवर उभी होती. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. पण लहानपणी फुलदाणी फोडून 'मांजराने फोडली' म्हणताना तिचा आवाज असाच निघायचा, आणि घरात मांजर नव्हतं. ते मर्वला चांगलं आठवत होतं. त्याने कुंपणाचा खांब धरला आणि तो उठला.

"खोटं बोलतेय ती," मर्व म्हणाला. "माझ्यासाठी. तो मीच."

"आजोबा, बसा तुम्ही."

"तू गप. कोच, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी लिहिलं ते चुकीचं होतं. मी माफी मागतो. त्या पोराच्या आईचीही मागतो."

हॅसलॉपने त्याला नीट निरखून पाहिलं. "मर्व, तुम्ही? तुम्ही माझ्या जन्माआधीपासून इथे बसताय. तुमची चूक झाली कशी? बारा पावलांवरून गेला असेल तो माणूस."

"मोजा खाली होता. डावा."

कोचने मागे वळून बर्फाच्या टाक्यांकडे पाहिलं. "प्रिडल," तो हताशपणे म्हणाला. "नवीन पोरगा आहे, जोना प्रिडल. डॉनेगनला देव मानतो, मोजाही त्याच्यासारखाच खाली ठेवतो. गुडघा त्याचा दुखतोय. पण तरी, मर्व, मोजा जाऊ दे. या पोराच्या डोक्यावर हे एवढं टोपलं आहे केसांचं."

"तेच तर," मर्व म्हणाला. "केस होते. कपाळावर आलेले. मी म्हटलं, डॉनेगनने बरेच दिवस कापलेले दिसत नाहीत."

कुणी हसलं नाही. पहिल्या खांबाच्या बाईंनी हळूच डोळे मिटून घेतले. रॉन आपल्या चपलांकडे बघत राहिला. जुळ्या भावांनी एकमेकांकडे पाहिलं. या माणसाचे दोन वर्षांचे विनोद विनोद नव्हते, हे सगळ्या कुंपणाला एकदमच कळलं, आणि त्याला एकट्याला अजून कळलेलं नव्हतं.

वाल्डाने शब्दकोडं मिटलं.

"चूक त्याची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "मर्व, डॉनेगनला टक्कल आहे."

"थोडंसं?"

"पूर्ण. दोन वर्षं झाली. पहिल्यांदा मी म्हटलं तेव्हा त्याने खरंच कापले होते. मग त्याने सगळेच काढले, आणि मला तोवर सवय लागली होती. तो कुठे पळतोय ते तुला सांगायचं तर काहीतरी म्हणायला हवं ना. दुसरं काही सुचायचं नाही मला. त्याचं पोट सुटत नाही, बूट साधे, गोंदण एकही नाही. इतका बेचव माणूस आहे तो."

मर्वने खांब आणखी घट्ट धरला.

"मला मधलं दिसत नाही, कोच," तो म्हणाला, आणि ते तो कोचला नाही, सगळ्या कुंपणाला ऐकू जाईल असं म्हणाला. "दोन वर्षं झाली. वृत्तांत मी फोनला तोंडी सांगतो, तो लिहून घेतो. गुरुवारी वाल्डा नव्हती. ती नसली की मी काही लिहायला नको होतं. पण लिहिलं नसतं तर लोकांनी विचारलं असतं, का नाही लिहिलं."

वाल्डा त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत होतं? की मी मुद्दाम सांगते?"

"वाल्डा, पन्नास वर्षांत तू एका खेळाडूचं नाव घेतलं नव्हतंस. आणि अचानक रोज याचं पोट, त्याचे बूट. माझे डोळे गेलेत, डोकं नाही गेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. मला ते फार आवडायचं गं."

वाल्डाने रुमाल काढला आणि तो मर्वला दिला, कारण त्यालाच जास्त गरज होती. लिआन रडत होती. ग्लेन तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि तो हात तिने झटकला नाही.

कोच हॅसलॉप रागवायला आला होता आणि आता राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. "ती ओळ," तो म्हणाला, "केसांची. ती आम्ही दर आठवड्याला आत वाचतो. डॉनेगनच उभा राहून वाचून दाखवतो. पोरं लोळतात हसून. तुमच्यामुळे त्याने टकलाचं वाईट वाटून घेणं सोडलं."

"मला वाटायचं मी बातमी देतोय," मर्व म्हणाला.

"आजच्या आज दुरुस्ती लिहा. गुडघ्याची. केसांची नको." मग त्याने टालियाकडे पाहिलं. "आणि तू मला समोरासमोर खोटं बोललीस."

"हो," टालिया म्हणाली.

"वाईट बोललीस. प्रसिद्धी विभागात असं चालणार नाही, शिकून घे. उद्या सकाळी लवकर ये. प्रिडलचा मोजा वर करायचं काम तुझं."

टालियाने 'हो' म्हटलं. ती 'उद्या' या शब्दापाशीच थांबली होती.

*

राहता राहिलं कापड. टेम्पोवाल्यांतला मुख्य माणूस म्हणाला, गठ्ठे परत नेणार नाही, ऊन फार झालंय, बांधायला आणलंय तर बांधणार, कुठे ते सांगा. कोचने खांदे उडवले आणि तो पोरांकडे निघून गेला.

"इथे आडवं बांधू नका," वाल्डाने त्या माणसांना सांगितलं. "वर बांधा. डोक्यावर. चार पिढ्या उन्हात बसलोय आम्ही, कुणाच्या डोक्यात आलं नाही."

मग गुणफलकापासून पाचव्या खांबापर्यंत काठ्या उभ्या राहिल्या. ग्लेनने एक टोक धरलं, लिआनने दुसरं. ग्लेन म्हणाला ढिलं आहे, लिआन म्हणाली ताणू नकोस, फाटेल. ग्लेन म्हणाला, त्याने आयुष्यभर तंबू बांधलेत. लिआन म्हणाली, हो, त्यातला रोझबडला सुट्टीत बांधलेला तंबू रात्री तिच्या अंगावर पडला होता. पण टोक दोघांपैकी कुणी सोडलं नाही, आणि हळूहळू तिसऱ्या खांबावर हिरवी सावली पडली. पहिल्या खांबाच्या बाई आपली खुर्ची घेऊन तिथे आल्या. मर्वने त्यांना बसू दिलं.

"शुक्रवारी डॉक्टर," ग्लेन काठीवरून ओरडला.

"येईन," मर्व म्हणाला. "सकाळी सराव नसला तर."

"नसतो शुक्रवारी."

"मग येईन म्हटलं ना."

मैदानावर दोन-तीन पोरं अजून चेंडूला जादा लाथा मारत होती. चेंडू बुटावर आपटल्याचे आवाज येत होते. वाल्डाने थर्मासमधून चहा ओतला, कप मर्वच्या हातात नीट दिला आणि बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्त वेळ ठेवली.

"तिकडे कोण आहे?" मर्वने विचारलं. सरळ विचारलं, कोड्याची वाट न बघता. "त्या लांबच्या गोलच्या खांबांपाशी, एकटा."

"डॉनेगन," वाल्डा म्हणाली.

मर्वने मान हलवली. चहाचा घोट घेतला. अजून काहीतरी राहिलं होतं, आणि ते येईना तसा तो खुर्चीत चुळबुळ करायला लागला.

"आणि आज काय केलंय त्याने केसांचं?"

वाल्डाने डोळ्यांवर हात धरून, उन्हात नीट बघितलं. डॉनेगनचं डोकं इथवर चमकत होतं.

"मधून भांग पाडलाय," ती म्हणाली.

"शोभतो?"

"नाही रे. बाजूचाच बरा दिसायचा."